भिंतीबाहेरची नऊ पावलं

“आई आहे का घरात?” आत्याने अंगणातूनच विचारलं.

मी चाटच पडलो. आई घरात नाही याची खात्री करूनच आत्या आमच्याकडे यायची. आज मात्र ती चर्चला जायचे बूट घालून, केस चापूनचोपून बसवून, आई असताना आली होती.

“मागे कपडे वाळत घालतेय. का गं?”

“उद्या भिंत पाडतायत. गवंड्याने दोरी लावली.”

भिंत म्हणजे कबरस्तानाची. आमचं गाव अख्खं कॅथलिक, नाकासमोर चालणारं. आत जागा उरली नव्हती, म्हणून भिंत बारा फूट मागे सरकवायची ठरली होती. त्या बारा फुटांतच तर सगळी अडचण होती. ज्यांना आत पुरायला जुन्या फादरांनी नकार दिला, ते सगळे त्या पट्ट्यात होते. जीव दिलेले दोघे, रविवारच्या प्रार्थनेत, भर मिस्सात फादरांना शिव्या घालणारा एक दारुडा, आणि बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं. त्यांत माझी बहीण. ती चाळीस मिनिटं जगली. त्यामुळे घरात मी दुसरा, पण राहिलेल्यांत पहिला.

नवे फादर तरुण आणि मऊ मनाचे. रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की तो पट्टा आता आत येणार, त्याला आशीर्वाद मिळणार, आपापल्या माणसांच्या जागा गवंड्याला दाखवा, म्हणजे क्रॉस उभे करता येतील. माझ्या बहिणीला बाबांनी आणि आत्याने पुरलं होतं. आई तेव्हा अंथरुणावर होती. खूण ठेवायची परवानगी नव्हती, आणि बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

बहीण जन्मली तेव्हा आत्या तेवीस वर्षांची होती, दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागलेली. आईचे दिवस भरायला दीड महिना बाकी असताना पोटात कळा सुरू झाल्या. बाबा डॉक्टरांना आणायला शहरात धावले आणि बाळंतपण आत्याने एकटीने केलं. पोर निळी पडत चालली. फादर जवळ नसले आणि मूल हातचं जात असलं, तर कुणीही त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतावं, ठरलेले शब्द म्हणावेत, की बाप्तिस्मा पूर्ण झाला. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आत्याने पाणी ओतलं.

दुपारी जुने फादर आले. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, “शब्द सगळे म्हटलेस? क्रमाने?”

आत्याचे हात अजून रक्ताने भरलेले होते. ती म्हणाली, “आठवत नाही, फादर.”

“आठवत नाही म्हणजे झाला नाही,” फादर म्हणाले आणि निघून गेले.

पुढे कित्येक वर्षं फादर प्रवचनात आत्याचा दाखला देत. सख्ख्या भावाच्या लेकरासाठीसुद्धा ही मुलगी खोटं बोलली नाही! गावात आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रवचन तिथवर आलं, की आई प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटत बसायची.

दोघींचं भांडण म्हणाल तर कधीच झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. अर्ध्या गावाच्या कुल्ल्यांना आत्याची सुई ठाऊक होती, पण आईने तिला कधी नाडीलाही हात लावू दिला नाही. माझ्या वेळी ती तीन आठवडे आधीच शहरातल्या इस्पितळात जाऊन राहिली. साधा ताप आला तरी बस पकडून दोन गावं ओलांडायची. आत्याने लग्न केलं नाही. माझ्यावर जीव टाकला, पण तोही अंगणापर्यंतच.

मी तिला मागच्या बाजूला घेऊन गेलो. आई उशीचा अभ्रा झटकत होती.

“वहिनी.”

आईने वळून पाहिलं नाही.

“जागा मलाच माहीत आहे,” आत्या म्हणाली. “दादा असता तर त्यानेच दाखवली असती. तू येतेस का? की मीच दाखवू गवंड्याला?”

“कोपऱ्यापासून नऊ पावलं,” आई म्हणाली. “जायच्या आधी सांगितलं त्यांनी मला. मी जाते तिथे अधूनमधून.”

हे मलाही ठाऊक नव्हतं. आत्याचा चेहरा पडला. द्यायला एवढी एकच गोष्ट घेऊन ती आली होती आणि तीही आईकडे आधीच होती.

“मग झालं तर,” असं पुटपुटत ती वळली.

“थांब.” आईने अभ्रा पुन्हा बादलीत टाकला. “क्रॉसवर नाव घालायचंय. चार दिवस डोकं खाजवतेय, एकही नाव तिला लागत नाही. पाणी ओतताना नाव घेतात ना? तू काय घेतलं होतंस?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? आठवत नाही, असं ती पुन्हा एकदा म्हणू शकली असती. खरं सांगायचं तर तिने तसं म्हणावं, असंच मला त्या क्षणी वाटलं.

ती ओल्या चादरी बाजूला सारत आईपाशी गेली आणि तिच्या कानाशी लागली.

“पाणी कशातून ओतलंस?” आईने विचारलं.

“निळ्या कपातून. कान तुटलेला होता त्याचा.”

“आणि शब्द?”

आत्याने शब्द म्हटले. सगळे, क्रमाने. म्हणताना तिचा उजवा हात जरासा पुढे आला होता.

“म्हणजे आठवतंय तुला.”

“हो.”

“तेव्हाही आठवत होतं.”

“हो, वहिनी. तेव्हाही.” आत्या म्हणाली. “फादरांनी विचारलं आणि मी घाबरले. वाटलं, एखादा शब्द पुढेमागे झाला असेल आणि मी हो म्हटलं, तर पाप लागेल. मी माझ्या आत्म्याची काळजी केली. तिची नाही केली.”

“मला वाटलं तू खरं बोललीस,” आई म्हणाली. “म्हणून आजवर गप्प बसले. खरं बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?”

एवढा राग आईने कुठे ठेवला होता, देव जाणे. आताही ती भांडली नाही.

“उद्या हे फादरांना सांग,” आई म्हणाली. “सगळ्यांच्या देखत.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत अर्धी भिंत आडवी झाली होती. पन्नासेक माणसं जमली होती. आमची पाळी आली, गवंड्याने पाटीवर लिहायला खडू काढला आणि आत्या पुढे झाली. तिने मुलीचं नाव सांगितलं. मग पाण्याचं सांगितलं, शब्दांचं सांगितलं, आणि जुन्या फादरांना काय उत्तर दिलं तेही सांगितलं. तिच्याकडून जन्मभर इंजेक्शनं घेतलेली माणसं जमिनीकडे बघत उभी राहिली.

तरुण फादर आईकडे वळले. ते म्हणाले, “मग तिचा बाप्तिस्मा झालेला होता. ती पहिल्या दिवसापासून आतलीच होती.”

“हो,” आई म्हणाली.

गवंड्याने नाव लिहिलं आणि अक्षरं बरोबर आहेत का, ते तिला विचारलं. आईने पाटी दोन्ही हातांत धरून नीट वाचली आणि परत दिली.

परतताना मी आईचा हात धरायला गेलो. तिने तो सोडवून घेतला.

“तिला धर,” ती म्हणाली. “तिला चालवत नाहीये.”

मी आत्याचा दंड धरला. आई आमच्यापुढे एकटीच चालत गेली आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.