रंभाचा हिस्सा

घरातलं वडीलधारं माणूस गेलं, तेरवीची पंगत उठली, की मांडवातच एक प्रश्न हळू आवाजात फिरू लागतो. आता घर कोणाचं? आपण सगळ्यांनी तो ऐकला आहे. बोरसीच्या चिंधू लांजेवारांच्या घरी तो निघाला, तेव्हा शेजारी भिलाईत पोलादाच्या नव्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. माणसांच्या समजुती मात्र अजून जुन्याच होत्या.

चिंधू मूळचे साकोलीकडचे शेतकरी. कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तसे ते बैलगाडी घेऊन इकडे आले. रेती वाहिली, विटा वाहिल्या आणि स्वतःच्या कमाईतून दुर्गजवळ बोरसीत जागा घेऊन घर बांधलं. त्यांचा थोरला मुलगा टिकाराम आधीच गावी तापानं गेला होता. त्याची बायको रंभा, पदरी मूल नाही, सासऱ्यासोबत इकडे आली. धाकटा बाबुलाल कारखान्यात फिटर झाला आणि सुशीलेशी लग्न करून त्याच घरात राहू लागला.

रंभा रिकामी बसणारी बाई नव्हती. घराच्या ओसरीत तिनं खानावळ काढली. सायकलीनं कामावर जाणारे कामगार पहाटे तिच्याकडून भाकरी बांधून नेत आणि संध्याकाळी तिथंच जेवत. घराच्या मागच्या खोल्या आणि विहीर खानावळीच्याच मिळकतीतून झाल्या. चिंधू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, माझा एक पोरगा गेला, पण त्याच्या जागी ही उभी आहे.

ते हे तोंडानं सांगत राहिले. कागदावर काही उतरलं नाही. मृत्युपत्राचा विषय एकदा निघाला होता. तेव्हा बाबुलालनंच तो मोडून काढला. जित्या माणसानं मरणाचा कागद कशाला करायचा, असं त्याचं म्हणणं. चिंधू हसले आणि कागद राहून गेला. त्या हिवाळ्यात ते गेले.

पुढं वर्षभरानं कवडू नावाचा क्रेनचालक दोन वडीलधाऱ्यांना घेऊन बाबुलालकडे आला. विधुर, शांत स्वभावाचा माणूस. खानावळीतच जेवायचा. रंभाशी पाट लावायची त्याची इच्छा होती आणि रंभाचीही ना नव्हती. त्यांच्या जातीत विधवेचा पाट काही नवा नव्हता. बाबुलालनं मोकळ्या मनानं होकार दिला. पण पाहुणे उठल्यावर त्यानं रंभाला बोलावलं आणि सांगितलं, की पाट लावला म्हणजे या घराशी तिचा संबंध संपला. जाताना तिनं तसं लिहून द्यावं.

रंभाला यात वावगं वाटलं नाही, हीच खरी दुःखाची गोष्ट. लहानपणी तिनं स्वतःच्या मावशीला पाट लागल्यावर नेसत्या लुगड्यानिशी सासरचं घर सोडताना पाहिलं होतं. जगाची रीतच तशी, असं तिनं धरलं होतं. खानावळ सुटणार म्हणून ती दोन दिवस हळहळली, मग सही करायला तयार झाली. कवडूनं तिला धीर दिला. कंपनीचं क्वार्टर आहे, तिथं नव्यानं चूल मांडू, म्हणाला.

बाबुलाल कागद करून घ्यायला दुर्गच्या कचेरीत देशकर वकिलांकडे गेला. वकिलांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. घर चिंधूंनी स्वतः मिळवलेलं का, मृत्युपत्र होतं का, मागं आणखी कोण आहे, सारं विचारलं. बाबुलाल आणि रंभा यांच्याशिवाय चिंधूंच्या मागं कोणी नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाबुलाल, अर्धं घर तिचं आहे."

बाबुलालला वाटलं, वकिलांच्या ऐकण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा सांगितलं, की ती मुलगी नव्हे, सून आहे. तीही विधवा, आणि आता पाट लावते आहे.

वकिलांनी त्याला समजावलं. छप्पन सालच्या वारसा कायद्यानं वडिलांआधी गेलेल्या मुलाच्या विधवेलाही वारस मानलं आहे. सासऱ्यानं डोळे मिटले, त्या दिवशी ती टिकारामची विधवा होती. त्या दिवशीच तिचा हिस्सा तिचा झाला. नंतर तिनं लग्न केलं म्हणून तो परत जात नाही.

"कायद्यापुढं ती तुमच्या भावाच्या जागी उभी आहे," ते म्हणाले. "भाऊ जिवंत असता, तर त्याला नेसत्या धोतरानिशी बाहेर काढलं असतं का? हिस्सा म्हणजे विधवा राहण्याची मजुरी नव्हे."

बाबुलाल खाली मान घालून म्हणाला, "पण वकीलसाहेब, तिले तर हे माहीतच नाई. थे सही करून राहिली खुशीनं."

"तिला माहीत नाही, पण तुम्हाला आता माहीत आहे," वकील म्हणाले. "तिला सगळं सांगा. त्यावरही ती हक्क सोडते म्हणाली, तर तिला इथं घेऊन या. तिला अंधारात ठेवून सही घ्यायची असेल, तर तो कागद मी करणार नाही."

बाबुलाल घरी आला आणि कोणाशी काही बोलला नाही. कागद करून देणारा दुसरा कोणी सापडला असता. त्याला खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं की घर त्याचं होतं. सुशीलेनं वकिलांचं म्हणणं विचारलं तर त्यानं, होईल कागद, एवढंच सांगितलं. सुशीला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पाळीवर जायला निघाला, तेव्हा ओसरीत रंभा सुशीलेला खानावळ समजावून देत होती. एका कामगाराची उधारी कधी थांबवायची नाही, कारण तो गावी आईला पैसे धाडतो. दुसरा एक पोटाच्या दुखण्यानं तिखट खात नाही. भाताचा मोठा गंज आणि परात ती इथंच ठेवून जाणार होती, कारण एवढ्या माणसांचा भात लहान भांड्यात शिजत नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाबुलालला पाहून तिनं रोजच्यासारखा त्याचा डबा पुढं केला आणि विचारलं, "भाऊजी, कागद झाला का? कुठं सही करू, सांगा."

आता गप्प राहून भागणार नव्हतं. डबा तिच्या हातात तसाच राहिला. बाबुलाल ओसरीच्या पायरीवर बसला. आपण जे घ्यायला निघालो होतो, ते या बाईनं राबून उभं केलं होतं आणि तीच वर आपली भाकरी बांधून देत होती.

"वयनी, सही नोको करू," तो म्हणाला. "अर्धं घर तुयं आहे. वकिलानं कालच सांगतलं. म्याच लपवून ठेवलं."

रंभाला आधी पटेना. तिनं विचारलं, पाट लावल्यावरही? त्यानं मान हलवली. सासरा गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी ती रडली. सुशीलेनं तिला जवळ घेतलं. मग नवऱ्याकडे वळून ती ठाम स्वरात म्हणाली, "आज तुमी हे बोलले, बरं केलं. नाई तं उद्या माह्यावर अशी वेळ आली असती, तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहलं असतं?"

ती दोघं रंभाला घेऊन दुर्गला गेली. वकिलांनी वाटणीचा कागद केला आणि तो रीतसर नोंदला गेला. ओसरी, स्वयंपाकघर आणि लगतची खोली रंभाची, मागची बाजू बाबुलालची, विहीर दोघांची. पाटाची पंगत त्याच घरी बसली आणि पाहुण्यांना वाढायला बाबुलाल स्वतः उभा राहिला. रंभा कवडूसोबत क्वार्टरमध्ये राहायला गेली, पण रोज पहाटे येऊन आपली खानावळ चालवत राहिली. बाबुलालनं धडधाकट असतानाच दोन साक्षीदारांसमोर स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं. त्या कागदानं कोणाचं मरण ओढवलं नाही.

बंधूंनो, भगिनींनो, असे कागद आपल्याही घरांत पुढं केले जातात आणि आपल्या लेकीसुना मुकाट्यानं सह्या करतात. कायदा दिल्लीत झाला, तरी तो घरात आणायचं काम आपलं आहे. जिचा हिस्सा आहे तिला तो आधी सांगा. मग तिनं तो ठेवावा की सोडावा, हे तिचं तिला ठरवू द्या. ठाऊक असून न सांगणं ही चोरीच आहे, मग ती घरच्या माणसानं का केलेली असेना!