न जळणारी वात

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला परुळेकर चाळीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलुंडची ही बैठी चाळ चोवीस खोल्यांची, आणि चोवीसही खोल्या नळाच्या कट्ट्याभोवती लोटल्या होत्या. कट्ट्यावर पितळेची समई होती, समईमागे भगवी कफनी घातलेले अंबादास महाराज होते, आणि महाराजांच्या पायाशी मालनचं मांजर मरून पडलं होतं. मालनच्या नवऱ्यानेच ते कपडे धुण्याच्या धोपाटण्याने मारलं होतं. पंधरवड्यात चाळीने मारलेलं हे सहावं जनावर. मालन पदर तोंडात कोंबून उभी होती आणि तिचा नवरा धोपाटणं नळाखाली धूत होता.

"हळहळू नका," महाराज म्हणाले. "जनावर मेलं नाही. जनावराच्या आत बसलेली करणी मेली. आता इकडे बघा."

त्यांनी चिमट्याने समईतली वात उचलली. नऊ दिवस ही एकच वात जळत होती. तेल संपलं की धोंडू, त्यांचा चेला, नवं तेल ओतायचा. वात बदलायची गरजच पडत नव्हती. काजळी सोडली तर ती पहिल्या दिवशी होती तेवढीच लांब होती.

"तेल म्हणजे देह. देह जळतो. वात म्हणजे आत्मा. आत्मा जळतो का हो? शिकलेले असाल तर बोला. नऊ दिवस तुमचं सायन्स इथे पाणी भरतंय."

सायन्स काही बोललं नाही, कारण त्या नावाचं चाळीत कोणी राहत नव्हतं. बायकांनी हात जोडले. पुढच्या रांगेतल्या गुणाजीनेही जोडले.

गुणाजी लालबागच्या एका गिरणीत बावीस वर्षं ब्लोरूमला होता, म्हणजे जिथे कापसाच्या गाठी फोडतात तिथे. संपाला दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि तो घरीच होता. रिकामा माणूस भोळाच असतो असं नाही, पण त्याच्याकडे ऐकून घ्यायला वेळ फार असतो. गुणाजीने महाराजांना महिनाभर ऐकून घेतलं होतं. गेल्या रविवारी त्यांच्या शब्दाखातर त्याने आपल्या कुत्र्याला, टायगरला, स्वतःच्या हाताने मारलं होतं. टायगर आठ वर्षांचा होता. पहिल्या फटक्यानंतरही तो शेपटी हलवत गुणाजीकडेच सरकला, आणि हे गुणाजीने कोणाला सांगितलं नव्हतं.

टायगरचे हाल मात्र खोटे नव्हते. तो दिवसरात्र खाजवायचा. पोटाचे केस झडले, कातडी सोलवटली, तरी पाय थांबत नव्हता. घरोघरी तेच चाललं होतं. महाराजांचं म्हणणं असं की करणी आधी मुक्या जनावराला धरते आणि मग घरातल्या पोराला. पोराचं नाव काढलं की आईबाप विचार करायचे थांबतात, एवढं ज्ञान महाराजांकडे नक्की होतं. संरक्षण म्हणून त्यांनी प्रत्येक दारात अभयवात दिली होती. शेंदरात माखलेला कापसाचा मूठभर पुंजका धोंडू चिमट्याने आणायचा आणि उंबऱ्याजवळच्या गोणपाटाखाली सरकवायचा. हाताने शिवायचं नाही, शिवलं तर घरचा कर्ता जाईल, अशी ताकीद होती.

"खाजवणं वात आल्यावर सुरू झालं ना?" गुणाजीच्या बायकोने, सुलक्षणाने, एकदा विचारलं होतं. महाराजांनी हसून उत्तर दिलं होतं की करणी आतमध्ये लपलेली होती, वातीमुळे ती बाहेर पडली. वाढली तरी वातीचा गुण आणि थांबली तरी वातीचाच. सुलक्षणाला ते पटलं नव्हतं, पण गुणाजीने तिला गप्प बसवलं होतं.

"आज मूळ उपटायचं," महाराज आता म्हणाले. "चाळीत एकच दार असं आहे की जिथली जनावरं खाजवत नाहीत. का खाजवत नाहीत? विंचू स्वतःच्या विषाने मरतो का? आणा तिला."

तिला म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतल्या अंजनाबाईला. साठीची कोळीण, एकटी, बाजारात मासळी विकायची. तिची तीन मांजरं तिच्या टोपलीभोवती फिरायची, आणि तिन्ही गुबगुबीत होती. तिच्या खोलीला रस्त्याकडे दुसरं दार होतं. त्या खोलीत मठ छान होईल असं महाराज दोनदा बोलून गेले होते, पण ते कोणी लक्षात ठेवलं नव्हतं.

मालनच्या नवऱ्याने आणि आणखी दोघांनी तिला अंबाड्याला धरून ओढत आणलं. एक मांजर तिच्या मागे धावलं, त्याला कोणीतरी भिंतीवर आपटलं. ते परत हललं नाही.

"मुडद्यांनो, त्या मुक्या जीवानं काय केलाय तुमचा?" अंजनाबाई ओरडली. तेवढ्यात धोपाटणं तिच्या कपाळावर बसलं. ती कट्ट्याशी कोसळली आणि रक्त तिच्या डोळ्यात उतरलं.

"अभयवात कुठे टाकलीस, सांग," महाराजांनी विचारलं.

"गटारात. माज्या उंबऱ्याला माजी एकवीरा हाय. मना तुजा कापूस कशाला?"

"ऐकलंत? कबूल झाली." महाराजांनी गर्दीवर नजर फिरवली आणि ती गुणाजीवर थांबली. "गुणाजी, तुझ्या हातून एकदा काम झालेलं आहे, तुझा हात शुद्ध आहे. उलथनं तापवून आण. लाल झालं पाहिजे. दोन्ही गालांवर डाग द्यायचा. मग तीच सांगेल कोणाकोणाच्या पोरावर डोळा होता."

गुणाजी घरात गेला. सुलक्षणा मोरीच्या दाराशी उभी होती.

"तुम्ही त्या म्हातारीक डागतलास?" तिने विचारलं.

"गप रव. काकडा खंय आसा?"

काकडा म्हणजे स्टो पेटवायची, घासलेटात बुडवायची चिंधी बांधलेली तार. सुलक्षणाने ती पदराखाली धरली होती. "माका म्हायत नाय," ती म्हणाली आणि तिथून हलली नाही.

बाहेर लोक महाराजांचा जयजयकार करत होते. गुणाजीने चिंधीसाठी इकडेतिकडे पाहिलं. उंबऱ्याशी टायगरचं गोणपाट अजून तसंच पडलं होतं. त्याने ते पायाने उलटलं आणि खालचा पुंजका सरळ हाताने उचलला. टायगरला मारणारा कर्ता जायचा तर जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं.

पुंजका बोटांत येताच तो थबकला. बावीस वर्षं कापूस हाताळलेली बोटं ती. नुसत्या चिमटीने तंतूची लांबी सांगणारी. कापूस असा कुरकुरत नाही, टोचत नाही. त्याने पुंजका घासलेटात बुडवला, पक्कडीत धरला आणि काडी लावली. भपकन जाळ झाला, घासलेट जळून संपलं, जाळ विझला. शेंदूर काळा पडला होता. पुंजका होता तेवढाच होता.

मग त्याच्या बोटांच्या बेचक्यांना खाज सुटली.

गिरणीच्या बॉयलरहाऊसमध्ये वाफेच्या पाइपांना असंच काहीतरी गुंडाळलेलं असायचं. त्याला हात लागला की दोन दिवस खाजवत बसावं लागायचं. फिटर त्याला काचेचा कापूस म्हणायचे. काच जळत नाही, म्हणून वात नऊ दिवस टिकली होती. माणसांना शिवायची बंदी, म्हणून माणसं सुटली आणि गोणपाटावर झोपणारी जनावरं सापडली. अंजनाबाईने तो गटारात टाकला, म्हणून तिची मांजरं गुबगुबीत राहिली. टायगरला मात्र गुणाजीने मारलं होतं. तो स्टोसमोर उकिडवा बसला.

"काय झाला?" सुलक्षणाने विचारलं.

"वाट लागली," तो म्हणाला आणि उठला.

तो बाहेर आला तेव्हा हातात उलथनं नव्हतं, पुंजका होता. गर्दीने वाट दिली. महाराज काही म्हणणार इतक्यात गुणाजीने त्यांची मान पकडली, पुंजका कफनीच्या आत घातला आणि पाठीवर, मानेवर, दाढीत रगड रगड रगडला. महाराज किंचाळले. धोंडूने त्याच्या कमरेत लाथ घातली, त्याने धोंडूला एका ठोशात गटारापर्यंत पोचवलं. मालनचा नवरा धोपाटणं उगारून धावला.

"आधी बघा," गुणाजी म्हणाला. "मग मला मारा."

आत्मा आणि देह यांचं व्याख्यान देणारे महाराज आता मान खाजवत होते. मग दाढी. मग कट्ट्याच्या कोपऱ्याला पाठ घासायला लागले, अगदी टायगर भिंतीला घासायचा तशी. पुढच्या रांगेतलं कोणीतरी हसलं आणि एकदम गप्प झालं, कारण ते घासणं प्रत्येकाने आपल्या घरात पाहिलेलं होतं.

"काय महाराज, तुम्हाला कोणी करणी केली?" गुणाजीने विचारलं. मग त्याने चिमट्याने समईतली वात उचलली आणि सगळ्यांना ऐकवलं. "ही काच आहे. काचेचा कापूस. कोणीही घरी जाऊन आपला पुंजका पेटवून बघा. कर्ता मरत नाही, नुसती खाज सुटते."

चारपाच जण गेले आणि पेटवून परत आले. गटाराशी बसलेल्या धोंडूला दोन थपडा पडल्यावर त्याने सांगून टाकलं की एका कारखान्यामागच्या भंगारातून तो हे पोत्याने उचलून आणायचा.

मग चाळ महाराजांवर तुटून पडली. तेच धोपाटणं होतं, त्याच काठ्या होत्या. महाराजांचा एक दात कट्ट्यावर पडला. गुणाजी मध्ये घुसला, दोन फटके त्याच्या खांद्यावर बसले, तरी तो हलला नाही.

"पोलिसांना बोलवा," तो ओरडला. "आणखी कोणाला मारायचं नाही. कालपर्यंत याच्या सांगण्यावरून मारत होतो, आज माझ्या सांगण्यावरून मारणार? मी खोटं बोलत असलो तर?"

काठ्या खाली आल्या. एकजण पोलिसांना आणायला धावला.

गुणाजी अंजनाबाईपाशी गेला. सुलक्षणा तिचं कपाळ ओल्या फडक्याने पुसत होती. मेलेलं मांजर म्हातारीच्या मांडीवर होतं. गुणाजीने हात जोडले.

"हात कशाला जोडतोस?" ती म्हणाली. "तुजा कुत्रा इतके दिस खाजवत होता. तू बाबाला इचारलास, देवाला इचारलास. त्याचा गोणपाट झटकून बघितलास?"

त्याने बघितलं नव्हतं. चोवीस खोल्यांत कोणीच बघितलं नव्हतं.

बाबा येतच राहतील, वाचकहो, आणि प्रत्येकाच्या वातीतली काच ओळखायला दर वेळी गिरणीकामगार भेटेलच असं नाही. पण कशाला तरी हात लावू नका, असं कोणी बजावलं तर तिथेच नीट बघावं. घरातलं मुकं जनावर खाजवत असेल तर काठी शोधण्याआधी त्याचे केस विंचरावेत, पिसवा बघाव्यात, अंथरूण उन्हात टाकावं, डॉक्टरला दाखवावं. याला विद्वत्ता लागत नाही, वाकायचा थोडा त्रास पडतो.

गुणाजीचा हात चार दिवस खाजत होता. सुलक्षणाने खोबरेल पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. पाचव्या दिवशी त्याने गोणपाट अंगणात नेऊन झटकलं. सकाळच्या उन्हात त्यातून बारीक, चमकणारी कुसळं उडाली, आणि ती सगळी खाली बसेपर्यंत तो तिथे उभा राहिला.