पंपमिस्त्रीची पोर

"बाबा, चूल विझायला आली तरी तुमचं त्या घारीचं काम संपत नाही," फुगी उंबऱ्यातून म्हणाली.

"तू जेवून घे. मी एवढं वॉशर बसवतो," बाबा मान वर न करता म्हणाले.

अंगणात गोणपाटावर घारी पान्हा धरून अशी ऐसपैस बसली होती, की जन्मच तिथं झाला असावा. किराणा दुकानदाराची ही पोर फुगीच्याच सातवीतली. शाळेच्या विज्ञान स्पर्धेसाठी तिला छोटा पंप करायचा होता, आणि आसपासच्या विहिरींवरचे सगळे पंप फुगीचे बाबाच दुरुस्त करायचे. घारीनं येऊन "काका, कराल ना?" एवढंच विचारलं होतं. बाबांनी नंतर फुगीलाही विचारलं, पण घारीला हो म्हटल्यावर. तेव्हा फुगीनं नाक वर करून सांगितलं, "मला कुणाची मदत नको."

आता रोज संध्याकाळी तिच्या पोटात दुखायचं.

"काका, तुमचा हात किती हलका आहे," घारी म्हणाली.

"हातोडी अंगठ्यावर बसते तेव्हा त्यांच्या शिव्या ये ऐकायला," फुगी पुटपुटली.

आईनं तिला आत ओढलं. "पाहुण्या पोरीशी असं बोलतात का?"

"पाहुणी कसली? तिला दत्तक घ्या नि मला दुकानात पाठवा. निदान बिस्किटं तरी मिळतील."

फुगीचा प्रयोग साधा होता. तळाला भोकं पाडलेल्या तीन डब्यांत वाळू, मुरूम आणि शेतातली काळी माती. तिन्हींत सारखंच पाणी ओतायचं नि कोण किती धरून ठेवतं ते दाखवायचं. ढेकळं फोडून, चाळून तिनं माती एकटीनं भरली. बाबा जाता-येता बघायचे, पण बोलायचे नाहीत. नको म्हटलंय म्हणून ते गप्प, आणि ते गप्प म्हणून ही फुगलेली.

स्पर्धेच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. शाळेचा नळ कोरडा पडला होता, म्हणून फुगीनं घरून बाटलीभर पाणी आणलं होतं. शेजारच्या टेबलावर घारीचा पंप लखलखत होता. नवा फ्रॉक भिजू नये म्हणून तिनं त्यातलं पाणी ओतून टाकून तो आतून-बाहेरून कोरडा पुसला होता.

तपासायला आलेले साहेब पुढ्यात उभे राहिले. घारीनं बटण दाबलं. मोटार गुरगुरली, पण बादलीच्या तळाशी नळीचं टोक बुडेल एवढंच होतं ते पाणी जागचं हललं नाही.

फुगीला कारण लगेच कळलं. पंपाच्या पोटात हवा होती. पाणी भरल्याशिवाय बाबा कुठलाच पंप सुरू करत नसत, आणि घरी ते स्वतःच भरायचे, बोलता बोलता, सवयीनं. घारीला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

फुगीला इतकं बरं वाटलं, की तिनं हाताची घडी घातली.

"पंपमिस्त्रीनं केलाय म्हणे," मागून प्रयोग बघायला आलेला एक शेतकरी हसला. "तरीच माझ्या विहिरीवरचा दर आठवड्याला बसतो."

"त्याला आता दिसत नसेल नीट," दुसरा म्हणाला.

फुगीची घडी सुटली. बाटली घेऊन ती पुढे गेली.

"हो बाजूला. नळी वर धर."

"तू बिघडवशील," घारी रडवेली होऊन म्हणाली.

"बिघडलेलाच आहे. धर म्हटलं ना."

तिनं अख्खी बाटली पंपात रिती केली आणि बटण दाबलं. पाण्याची धार उसळली ती थेट साहेबांच्या चष्म्यावर. सगळी शाळा हसली, साहेबही हसले.

मग ते फुगीच्या टेबलापाशी आले. "हं, दाखव."

फुगीनं रिकामी बाटली उलटी धरून दाखवली. "पाणी संपलं."

पहिला नंबर घारीचा आला. फुगीचं नाव कुठंच नव्हतं. टाळ्या वाजवताना तिचे तळहात एकमेकांना लागतच नव्हते.

सुटल्यावर बाबा सायकल घेऊन फाटकाशी उभे होते. हात अजून ग्रीसनं काळे.

"बाईंनी सांगितलं मला," ते म्हणाले. "तुझं पाणी का ओतलंस?"

"तुमचा पंप होता."

बाबा घंटीवरची धूळ उगाच पुसत राहिले. "मातीचे डबे घरी मांड. मला बघायचेत."

"तुम्ही रोज बघत होतात."

"चोरून बघत होतो. आता नीट दाखव."

तेवढ्यात बक्षिसाची ढाल छातीशी धरून घारी धावत आली. "काका, मलाही न्या ना, पाय दुखतायत."

फुगीनं कॅरिअरवर चढून दोन्ही बाजूंना डबे लटकवले, तिसरा मांडीवर घेतला आणि पाय पसरले.

बाबांनी एकदा मागं पाहिलं. "जागा नाही गं पोरी," ते घारीला म्हणाले, "आज तू चालतच ये," आणि त्यांनी पायडल मारलं.