पंप गप्प का होता

"बॅटरीच असणार," दादा म्हणाला.

"मग मला कशाला बोलावलंस? लाव आणखी एक बॅटरी," मी म्हणाले.

नवी बॅटरी त्याने आधीच बसवून घेतली होती. प्लगही नवे, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने सांगितलं म्हणून. गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझे केस पांढरे झाले, सख्खी बहीण हाकेच्या अंतरावर, आणि हा सल्ला घेतो टायरवाल्याचा! माझ्या नाकावर राग असतो म्हणे. तो तिथे आणून बसवतं कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

गाडी म्हणजे दादाची जुनी लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीटा, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे आधी लोळायचं. तिच्या स्टिअरिंगला त्याने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. दुरुस्ती माझ्याकडे, पण चक्कर मारायची नाही. वहिनी लग्न झाल्यापासून बाजूच्या सीटवर. पण गेल्या वर्षी दादाच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. आता संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं आणि गाडी सुरू झाली तर आजच घेऊन जाणार होतं. हे सांगताना दादाचा आवाज इतका सपाट होता की मला कळलं, याला ती विकायची नाहीये.

"कुणी हात लावला होता हिला?" मी विचारलं.

"कुणी नाही. उभी होती तशी उभी आहे."

वहिनी गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभी होती.

मी आत शिरले तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट फारच पुढे होती. ती मागे सरकवली आणि किल्ली फिरवली. स्टार्टर जोमात फिरला, म्हणजे बॅटरी निर्दोष आणि टायरवाला तोंडघशी. एका प्लगची वायर काढून पाहिली. ठिणगी निळी, कडक. मग हवेच्या नळीत इंजिन पेटवायचा स्प्रे थोडा मारला. इंजिन क्षणभर गुरगुरलं आणि मेलं.

"उपाशी आहे ही," मी म्हणाले. "पेट्रोल पोचत नाहीये."

"टाकी भरलेली आहे, ठिणगे." लहानपणापासून तो मला ठिणगीच म्हणतो.

"टाकी भरलेली असेल रे. पंप ढकलत नाही."

एव्हाना माझा राग कुठच्या कुठे पळाला होता. असं कोडं पुढ्यात आलं की मला तहानभूक सुचत नाही. किल्ली अर्धी फिरवली की मागे पंप गुणगुणायला हवा. मी दादाला किल्ली फिरवायला लावली आणि मागच्या चाकाशी कान नेला. चिडीचूप! फ्यूज शाबूत होता. पंपाला करंट सोडणारा रिलेही टिकटिक करत होता. पंपाला बॅटरीतून थेट करंट दिला, तर पठ्ठ्या लगेच गुणगुणायला लागला. म्हणजे पंप चांगला, पुढून करंटही निघतोय, आणि मध्येच कुठेतरी गडप होतोय. पण कुठे? टेस्ट लॅम्प घेऊन मी वायरीच्या मागे लागले. एका जागी दिवा लागला, वीतभर पुढे लागेना. तिथलं मॅटिंग उचललं आणि मला हसूच आलं.

तिथे एक छोटंसं बटण असतं. गाडीला जोराचा धक्का बसला की ते आपोआप उडतं आणि पंपाचा करंट तोडतं, अपघातात पेट्रोल वाहून आग लागू नये म्हणून. ते परत दाबलं की झालं. एका बोटाचं काम, आणि मी अर्धी गाडी उसवून बसले होते! बोट बटणावर नेलं आणि थांबले. उभ्या गाडीला धक्का बसला कसा?

मी उठून मागे गेले. बंपरच्या वरचा पत्रा तळहाताएवढा आत गेला होता आणि मागच्या भिंतीवर लाल ओरखडा होता. कुणीतरी गाडी मागे घेताना ठोकली होती. आणि ती पुढे ओढलेली सीट! दादा माझ्याहूनही उंच. या घरात बुटकं माणूस एकच.

मी वहिनीकडे पाहिलं. ती झपझप माझ्याजवळ आली.

"सापडलं ना? वन्सं, दुरुस्त करू नका," ती कुजबुजली. "सुरू झाली की जाईल हो ती."

"काय कुजबुज चाललीय?" दादाने विचारलं.

वहिनीने एक श्वास घेतला. "मी ठोकली तुमची गाडी," ती म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपलात की ड्रायव्हिंग स्कूलला जात होते. लायसन्स मिळालं. मग मागच्या गल्लीत हिच्यावर हात बसवत होते. त्या दिवशी आत घेताना भिंत लागली, आणि मग सुरूच होईना."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "रोज सकाळी पुसतो मी हिला. डोळे गेलेत, हात शाबूत आहेत. खड्डा हाताला लागला तेव्हाच कळलं. आणि दुपारी मी झोपतो असं कोण म्हणालं तुला? हिचा आवाज ऐकत कुणाला झोप लागेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू गाडी मागशील. तू मागेनास. म्हटलं, ठोकली, घाबरली, नकोशी झाली असेल. मग कुणासाठी ठेवायची?"

"मी का मागू?" वहिनीचा आवाज फुटला. "एवढ्या संसारात एकदा तरी म्हणालात, घे, चालव म्हणून?"

आता माझा पारा चढला. "शाब्बास! दोघंही मूग गिळून बसलात. नवराबायकोला एकमेकांशी बोलायला मेकॅनिक लागतो का? मी बटण दाबतेय. पुढचं तुमचं तुम्ही बघा!"

दाबलं. किल्ली फिरवली, पंप गुणगुणला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं. सगळं गॅरेज थरथरलं. मी बाहेर आले. दादा टपावर हात ठेवून ऐकत उभा होता.

"गिऱ्हाईकाला फोन कर, ठिणगे. गाडी विकायची नाही म्हणावं." मग तो वहिनीकडे वळला. "चालव."

"तुम्ही बाजूला बसणार असाल तर."

सवयीने तो ड्रायव्हरच्याच दाराकडे गेला. वहिनीने त्याला कोपराला धरून दुसऱ्या बाजूला नेलं. त्या सीटवर तो आयुष्यात पहिल्यांदाच बसत होता. पट्टा कुठल्या बाजूने ओढायचा तेही त्याला सापडेना. तिने वाकून लावला.

"क्लच हळूच सोड हं, आणि..."

"गप्प बसायचं," वहिनी म्हणाली.

"बसतो. पण काय दिसतंय ते सांगत राहा."

"सगळं?"

"सगळं."

गाडीने एक आचका दिला आणि ती बाहेर सरकली. मी हात पुसत उभी होते आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले होते. उघड्या काचेतून वहिनीचा आवाज येत होता. "फाटक उघडं आहे. रस्ता मोकळा आहे. नाही, थांबा, मधोमध मांजर झोपलंय, उठायचं नाव नाही."

"कुठल्या रंगाचं?" दादा विचारत होता.