बाहेरच्या रांगेतल्या अकरा कड्या

शहराच्या जलमार्ग विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. खाडीत नांगरलेल्या बोटी मोजायच्या, कुठली किती दिवस उभी आहे ते लिहायचं, मुदत संपली की नोटीस चिकटवायची, हे तिचं काम. शिवाय वर्षातून एकदा प्रत्येक बोया हाताने तपासायचा. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारं लोखंडी पिंप, खाली साखळीने तळाशी जखडलेलं. त्याच्या माथ्यावर मनगटाएवढी जाड कडी असते आणि तिला बोटीचा दोर बांधतात. कडी खाऱ्या पाण्याने आणि घासून घासून झिजते. झिजली की बदलायची. एवढी साधी गोष्ट.

सोळा वर्षांत तिने एकही कडी न बघता सही केली नव्हती. त्या वर्षी केली.

त्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि एकच्या आत दवाखान्यात पोचते असं तिने कबूल केलं होतं. आतल्या दोन रांगा उरकेपर्यंत पावणेबारा झाले. वारा वाढला होता. तिला फिरवणारी मोटरबोट, म्हणजे लाँच, चालवणारा लाँचवाला म्हणाला, बाहेरच्या रांगेत जायचं तर तीनच्या आधी परत यायचं नाव नको. तिने डोळ्यांवर हात धरून लांबूनच पाहिलं. अकराच्या अकरा बोये सरळ उभे होते. तिने पहिल्याच्या पुढे 'कडी ठीक' लिहिलं आणि खालच्या दहा ओळींत 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन बारीक रेघा मारल्या. आईच्या डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत ती ते विसरूनही गेली.

बाहेरच्या रांगेत दहाव्या बोयाला कप्तानांची बोट असायची. कप्तान म्हणजे मोठी जहाजं ओढून आणणाऱ्या शहराच्या ओढबोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस. बायको गेल्यावर त्यांनी घर मुलीला दिलं आणि परवाना काढून बोटीवरच राहायला गेले. मोजणीबाई नोकरीत नवी होती तेव्हा हलत्या बोटीवर पाय कसा टाकायचा, दोर कसा धरायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. ती पहिल्या आठवड्यात दोनदा पाण्यात पडली होती. त्यावरून ते अजून तिला चिडवायचे, आज कोरडी दिसतेस म्हणून.

तपासणीनंतर सात आठवड्यांनी भर दुपारी वादळ आलं. कप्तान तेव्हा चष्म्याची काडी बसवून घ्यायला गावात गेले होते. त्यांची बोट सुटली, आडवी होऊन मुख्य प्रवाह ओलांडून आली आणि हौशी लोकांच्या बोटी लावतात त्या मरीनाच्या तरंगत्या धक्क्यावर आदळली. दोन बोटी चेपल्या. कप्तानांच्या बोटीची एक बाजू वरपासून खालपर्यंत फाटली. दोर बोटीच्या तळाच्या पंख्यात असा गुंडाळला होता की धक्क्यावरच्या माणसांनी तो तुकडे करून काढला. गाठ होती की सुटली होती, हे सांगायला काही उरलंच नाही.

कप्तान आले ते चिंब भिजून. कुणी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "सकाळी दोर मीच बदलून बांधला होता. गाठ नीट बसली नसणार."

महिन्यापूर्वी त्यांनी शेगडी चालू ठेवून बोट सोडली होती, हे त्यांच्या मुलीला माहीत होतं. तिने ते सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. वय झालं, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीबाई लाँच घेऊन दहाव्या बोयाजवळ गेली. कडी उघडली होती. एका जागी झिजून बोटाएवढी बारीक झाली होती आणि तिथेच तुटून जांभई दिल्यासारखी फाकली होती. ही झीज सात आठवड्यांची नव्हती. तिने कामाच्या चिठ्ठीवर 'वादळानंतरची नेहमीची दुरुस्ती' असं लिहिलं, दुपारपर्यंत कडी बदलून घेतली, आणि जुनी कडी पिशवीत घालून टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. का ठेवली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फेकायला हात झाला नाही, इतकंच.

चौकशी अर्ध्या तासात आटोपली. विभागाच्या साहेबांनी बोयाबद्दल विचारलं. ती म्हणाली, नोंदीत ठीक आहे. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त टोचलं. शेजारच्या खुर्चीत बसलेले कप्तान लगेच म्हणाले, "तिची नोंद चुकायची नाही, साहेब. तिकडे वेळ घालवू नका."

बोटीवर राहण्याचा त्यांचा परवाना रद्द झाला. मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. फाटलेली बोट विभागाच्या आवारात ओढून ठेवली. तीन महिन्यांत कुणी दुरुस्तीला नेली नाही तर ती तोडायची, असा नियम होता.

ते तीन महिने मोजणीबाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. घरी आई खिडकीतून दूरच्या पाट्या वाचून दाखवायची, बघ कसं लख्ख दिसतंय, म्हणायची, आणि ही हो हो करत दुसरीकडे बघायची. रोज ऑफिसात जाताना ठरवायची, आज सांगायचं. साहेबांच्या दाराशी जायची आणि दुसरंच काहीतरी विचारून परत यायची.

बोट तोडण्याच्या संमतीपत्रावर कप्तानांची सही लागत होती. शिपायाबरोबर पाठवता आलं असतं, पण ती स्वतः गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं. मुलीने दार उघडलं आणि तिला आधी स्वयंपाकघरातच नेलं. हलक्या आवाजात सांगितलं की डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, डोकं अगदी ठणठणीत आहे म्हणाले. "पण बाबांचा स्वतःवर विश्वासच राहिला नाही हो. नळ तीन-तीनदा बघतात. कुलूप मला लावायला सांगतात. एकटे खाली उतरत नाहीत."

कप्तान गॅलरीत बसले होते. कठड्याच्या गजाला पायजम्याची नाडी बांधत होते, सोडत होते, परत बांधत होते. तिला बघून त्यांनी गाठ ओढून दाखवली. पक्की होती.

"दहापैकी दहा वेळा बसते," ते म्हणाले. "डोळे मिटूनही बसते. मग त्या दिवशी काय झालं असेल गं? आठवायला बसलो की बांधतानाचे माझे हातच दिसत नाहीत मला."

तिने कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखवली, त्यांनी सही केली. जाताना त्यांनी तिला जपून उतर म्हटलं. पहिल्या मजल्यावर ती पायरीवरच बसली, आणि कुणीतरी वर यायला लागलं तेव्हा उठली.

सहाव्या दिवशी बोट तोडली. आवार ऑफिसच्या मागेच होतं. करवतीचा आवाज दुपारी जेवणाच्या सुट्टीपुरता थांबला आणि परत सुरू झाला. तेव्हा डबा तसाच झाकून तिने खण उघडला, पिशवी काढली आणि कुणालाही न सांगता बाहेर पडली.

कप्तान जेवून बसले होते. मुलगी कामावर गेली होती. तिने कडी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. सही, रेघा, आईचं ऑपरेशन, बदललेली कडी, चौकशीतलं उत्तर. शेवटी म्हणाली, "कप्तान, गाठ सुटली नव्हती. कडी तुटली होती."

त्यांनी कडी उचलली. झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, टोकाकडून टोकाकडे. चेहरा उजळला वगैरे काही नाही, उलट दगडासारखा झाला.

"बोट?" त्यांनी विचारलं.

"आज तोडताहेत. निम्मी झाली असेल."

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "बोटीचं जाऊ दे. लाकूडच होतं. मी तीन महिने माझे हात दुसऱ्याचे असल्यासारखे वागवले. मुलीला म्हणालो, मला कुठेतरी ठेव, मी घर जाळीन एखाद दिवशी. आणि तू इथे येऊन सही घेऊन गेलीस."

तिने मान खाली घातली. माफी मागायची म्हणून ती आली होती, पण तो शब्द आता तिच्याच कानाला फुकटचा वाटला असता.

मग ते एकदम वळले. "किती कड्यांवर न बघता सही केलीस?"

"अकरा."

"बाकीच्या दहा बघितल्यास नंतर?"

बघितल्या नव्हत्या. एकाच वेळी दहा कड्या तपासायला काढल्या असत्या तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. या विचाराला तिने आजवर मनात नीट उभंही राहू दिलं नव्हतं.

"अगं, त्या बोटींवर माणसं आहेत," कप्तान म्हणाले. ते ओरडले नाहीत. "आणि तू इथे काय बसलीस? चल."

त्यांनी चपला घातल्या, दाराला स्वतः कुलूप लावलं आणि ते पुढे उतरू लागले. वाटेत ऑफिसात थांबून तिने पानभर कबुली लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब वाचत असतानाच लाँच मागितली. साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा दारात उभ्या कप्तानांकडे पाहिलं आणि किल्ली दिली. बाकीचं उद्या बघू म्हणाले.

बाहेरच्या रांगेत पाणी खळबळत होतं. लाँचवाला एकेका बोयाशी लाँच धरायचा, कप्तान गुडघ्यावर बसून कडी हाताने फिरवून बघायचे आणि ती लिहायची. दहापैकी तीन कड्या झिजल्या होत्या. चौथ्या बोयाची सगळ्यात वाईट, आठवडाभरही टिकली नसती. त्या बोटीवर एक नवराबायको राहत. बायको डेकवर कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, काही बिघडलंय का? मोजणीबाईने सांगितलं, हो, कडी झिजलीय, चूक माझी आहे, आजच्या आज बदलतो, तोवर बोट आत आणा. बाई चिमटे तसेच तोंडात धरून नवऱ्याला बोलवायला गेली.

पुढे मोजणीबाईला तपासणीच्या कामावरून काढून नोंदींच्या खोलीत बसवलं, आणि होऊ घातलेली बढती गेली ती गेलीच. कप्तानांचा परवाना परत मिळाला, पण राहायला बोट नव्हती. ते मुलीकडेच राहतात, मात्र आता रोज सकाळी एकटे धक्क्यावर येतात.

कड्या तपासल्या त्या दिवशी परतताना ते लाँचच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. धक्का आला तेव्हा लाट आली आणि लाँच हलली. उतरता उतरता तिचा तोल गेला, तसा त्यांनी तिचा दंड धरला, ती नीट उभी राहीपर्यंत धरून ठेवला आणि मग सोडून दिला. तिला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. पण ते पाठ फिरवून चालू लागले होते.