देवीपाशी बंद केलेलं मशीन

आमच्या धरणावर माणसांची ने-आण करायला एक लाँच आहे. धूर फार सोडते म्हणून म्हातारी माणसं तिला आगबोट म्हणतात. बारा वर्षांपूर्वी ती नाशिकहून ट्रकवर घालून आणली. तेव्हापासून मीच चालवतो. लायसन्ससाठी लिहिता यायला हवं होतं, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो.

पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे, देवीचं देऊळही. त्याच्यावर आलो की मशीन बंद करायचं, माणसांनी हात जोडायचे, मग पुढं निघायचं. देवीच्या डोक्यावर खडखडाट नको, एवढंच.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी लाँचवर चौदा माणसं होती. त्यात सोमनाथ आणि त्याची मुलगी सृष्टी.

"आज थांबू नका, केरूबाबा," सोमनाथ म्हणाला. "साडेदहाला फाटक लावतात. पोरीचा पेपर हाय."

"देवीला टाळून पेपर देती व्हय?" कुसाबाई म्हणाली. तिच्या मांडीवर टोपलीत कोंबडी होती. "दोन मिनिटं तर लागत्यात."

मी मशीन बंद केलं.

मागच्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा देवळाजवळ जेसीबीनं गाळ काढून ढीग घातला होता. मी तो पाहिला होता. पण लाँच चालवताना माझ्या डोक्यात जुनं गाव असतं आणि त्यात ढीग नाही. वाऱ्यानं लाँच सरकली आणि ढिगावर टेकली. मशीन उलटं लावलं. पंख्यानं नुसता गाळ वर आला.

सोमनाथनं उडी टाकली. पाणी गुडघाभर. "उतरा सगळे, वजन कमी करा!"

"माझी कोंबडी?" कुसाबाईनं विचारलं.

"कोंबडी राहू दे. तू उतर."

सगळ्यांनी ढकलल्यावर लाँच सुटली. पुन्हा सगळे चढले असते तर पुन्हा टेकली असती, आणि खोल बाजूनं एकेकाला चढवायला वेळ नव्हता. म्हणून सृष्टी आणि कोंबडी, एवढ्यांनाच घेऊन निघालो. मागं वळून पाहिलं तेव्हा धरणाच्या मधोमध तेरा माणसं चपला हातात धरून उभी होती.

काठाला लागताच सृष्टी पळत सुटली. शाळा तिथून दिसते. फाटक लागलं तेव्हा ती आत होती.

मग मी परत जाऊन खोल बाजूनं दोघादोघांना चढवलं. कुसाबाई आधी टोपलीत डोकावली, मग माझ्याकडं न बघता बसली.

दुपारी परत निघालो. देवळाच्या अलीकडं सृष्टी म्हणाली, "केरूबाबा, आता थांबा ना. पाया पडायचं राहिलं."

"अजून किती पेपर आहेत?" मी विचारलं.

"आठ."

मी मशीन बंद केलं नाही. ढीगसुद्धा आत धरून लांबून मोठा वेढा घेतला आणि देवीला प्रदक्षिणा घातली. कुसाबाईनं हात जोडले. तेव्हापासून आम्ही तसंच करतो.