कालिंदीबाईंच्या खुर्चीचे मागचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, स्टीलच्या नळीची आणि चामड्याची. चारचौघींसारखे चार पाय मला नव्हते. पुढचे दोनच, आणि तेही जमिनीवरून वळून मागे गेलेले. कुणी बसलं की मी किंचित झुलायची. त्याचा मला केवढा तोरा होता, आणि आता त्याचीच लाज वाटते.

माझा जन्म महाडचा. कालिंदीबाई मुंबईहून फर्निचरचं डिझाइन शिकून आल्या होत्या. त्यांनी परसात भट्टी पेटवली, नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासून भरली आणि तापवून तापवून मला वळवलं. चामडं पोलादपूरच्या भागोजींनी शिवलं. मला उभं केल्यावर ते लांबूनच म्हणाले, "बाय, मागं पायच नायत. बसनारा पडंल गो." बाईंना हसू आवरेना. माझ्या बहिणी मुंबईला विकल्या गेल्या. मला मात्र बाईंनी नवऱ्यासाठी ठेवून घेतलं. चिंतामणी सर शाळेत गणित शिकवायचे.

सर रोज संध्याकाळी माझ्यावर बसून पेपर वाचत. पाहुणे काही टेकायला धजावत नसत. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याला बुरशी धरते, म्हणून बाई मला एरंडेलाचा हात लावायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "पुढची कड झिजली, पण पाठ बघा, अजून नवी कोरी. निगा राखली की असं होतं." मीही फुशारून जायची. खरं काय ते मला ठाऊक होतं. सर पुढच्या कडेवरच बसत, पाय जमिनीला घट्ट रोवून, हात नळ्यांवर आवळून. त्यांची पाठ मला कधी लागलीच नव्हती.

यंदा सरांचे गुडघे थकले. बसताना ते थरथरतात हे सून चैत्रालीने पाहिलं. बाई भाचीच्या लग्नाला तुडीलला गेल्या असताना तिने मुरारी वेल्डरला बोलावलं. ठिणग्यांनी जळू नये म्हणून त्याने माझ्या चामड्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि मागे दोन पाय जोडले. "वहिनी, आता हत्ती बसूदे, हालायची नाय," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी बाई परतल्या त्या आनंदातच. मुंबईत अशा जुन्या नळीच्या खुर्च्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. मला न्यायला निषाद नावाचा एक तरुण दुसऱ्या दिवशी वीर स्टेशनवर उतरणार होता. आणि ओसरीत मी उभी, चार पायांची.

बाईंनी माझे नवे पाय चाचपून पाहिले. "चैत्राली, अगं विचारायचं तरी."

"चुकलं माझं, आई. बाबा पडतील अशी भीती वाटली हो," चैत्राली रडवेली होऊन म्हणाली.

बाईंनी मुरारीला परत बोलावलं. पाय कापून टाक म्हणाल्या. त्याने कटर पिशवीतून काढलं, तेवढ्यात सर पेपर घेऊन बाहेर आले आणि सवयीने माझ्या कडेवर बसले. मी हलले नाही. सर जरा मागे सरकले. मग आणखी थोडे. आणि सावकाश त्यांनी पाठ टेकली. त्यांचं सगळं ओझं त्या दिवशी मी पहिल्यांदा पेललं. नव्या कोऱ्या चामड्यावर पहिली सुरकुती पडली. सरांनी डोळे मिटले.

बाई बघतच राहिल्या. पाठ नवी का राहिली होती, ते त्यांना कळलं.

"अहो, इतकी वर्षं तुम्हाला भीती वाटत होती?"

"तू केलेल्या खुर्चीला भितो, हे कसं सांगणार गं तुला?"

बाईंनी मुरारीला चहा दिला आणि परत पाठवलं. निषादला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग चैत्रालीचा हात धरून म्हणाल्या, "तुझं नाही, माझं चुकलं. चामडं रोज पुसलं मी, माणसाला एकदा विचारलं नाही." त्यांच्या नावाची पाटी राहिली ती राहिलीच.

मित्रांनो, आम्हा जुन्या खुर्च्यांना पुसा, पावसाळ्यात जपा. पण तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं नुसतं कडेवर बसत असेल, तर त्याला एकदा विचारा. मला सगळं ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.